डाग मोजा, डोळे दाखवा

घरात आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर हे वाचून झालं की लगेच एक काम करा. मुलाचे कपडे काढा, खिडकीपाशी भरपूर उजेडात उभं करा आणि अंगभर नीट बघा. पाठ, पोट, ढुंगण, मांड्या, काखा, जांघा, काही सोडू नका. कातडीवर तपकिरी रंगाचे, सपाट, हात फिरवला तर हाताला न लागणारे डाग आहेत का? असतील तर मोजा. शाळेची पट्टी घ्या आणि मापा. पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा त्याहून जास्त डाग सापडले, तर या आठवड्यातच मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि त्यांच्याकडून डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी घ्या. डाग एक-दोनच असतील तर घाबरायचं कारण नाही, तसे कितीतरी निरोगी मुलांच्या अंगावर असतात.

अंगावर एकही डाग नसला तरी पुढचं वाचाच. ज्या आजाराबद्दल मी लिहिते आहे तो डाग असलेल्या मुलांना होतो, तसा नसलेल्यांनाही होतो. डाग असतील तर निदान आगाऊ सूचना तरी मिळते. नसतील तर मुलाच्या डोळ्यांकडे बघूनच तो ओळखावा लागतो.

डोळ्याने पाहिलेलं मेंदूपर्यंत पोचवणारी जी नस असते, तिच्यात लहानपणी एक गाठ होऊ शकते. तिचं डॉक्टरी नाव ऑप्टिक पाथवे ग्लायोमा. प्रत्येक डोळ्याच्या मागून अशी एक नस निघते, दहा लाखांहून जास्त बारीक तंतूंची. दोन्ही नसा मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या वरच्या अंगाला एकत्र येतात. तिथे निम्म्याहून थोडे जास्त तंतू बाजू बदलतात आणि मग डोक्याच्या मागच्या भागाकडे जातात. या वाटेवर गाठ कुठेही धरू शकते. मुलांच्या मेंदूत होणाऱ्या गाठींपैकी शंभरात ३ ते ५ या प्रकारच्या असतात आणि त्यातल्या बहुतेक मंद वाढणाऱ्या, सौम्य दर्जाच्या असतात. मेंदूत गाठ म्हटलं की आईबापांच्या पायाखालची जमीन सरकते, म्हणून हे आधीच सांगते: यातली बहुतेक मुलं जगतात, मोठी होतात. पणाला लागते ती नजर. नसेचे तंतू एकदा मेले की गेलेली नजर सहसा परत मिळत नाही. उपचारांनी शिल्लक असेल तेवढी राखता येते, काहींची थोडीफार सुधारते. त्यामुळे गाठ कधी कळली याला फार महत्त्व आहे, आणि आपल्याकडे ती फार उशिरा कळते.

याचं पहिलं कारण म्हणजे मूल सांगत नाही. मुलांची नजर तपासणं हे माझं रोजचं काम आहे. एका डोळ्याने जवळजवळ काहीच न दिसणारं मूल दुसऱ्या डोळ्यावर इतकं बिनबोभाट निभावून नेतं की घरातल्या चार मोठ्या माणसांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. ते धावतं, चेंडू झेलतं, मोबाइलवर नेमक्या जागी बोट ठेवतं. दोन्ही डोळ्यांना कमी दिसत असलं, तरी ज्याने कधी स्पष्ट पाहिलेलंच नाही त्याला जग असंच असतं असं वाटतं. चार वर्षांचं पोर 'मला अंधुक दिसतं' म्हणून तक्रार करत नाही. ते टीव्हीला नाक लावून बसतं, उंबऱ्याला अडखळतं, पेला ठेवताना कडेवर ठेवून सांडतं आणि धांदरट म्हणून बोलणी खातं.

अशी एक चार वर्षांची मुलगी आठवते. शाळेत घालायचं म्हणून डोळे दाखवायला आणली होती, बाकी तक्रार काही नव्हती. या वयाच्या मुलांना अक्षरं येत नाहीत, म्हणून आम्ही चित्रांचा तक्ता वापरतो. त्यात सफरचंद, घर, गोल आणि चौकोन ही चारच चित्रं असतात. तीच चार चित्रं छापलेलं कार्ड मुलाच्या हातात द्यायचं आणि लांबच्या तक्त्यावर जे दिसेल त्यावर बोट ठेवायला सांगायचं. डावा डोळा झाकला तेव्हा ती भराभर बोट ठेवत गेली, अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत. उजवा झाकला तशी तिने माझा हात बाजूला सारला. पुन्हा झाकला, पुन्हा सारला. मग मान वळवून, झाकणाच्या कडेतून उजव्याच डोळ्याने बघायची धडपड करायला लागली. 'नीट कर ना गं, मघाशी केलंस तसं,' आई रागावली. खोलीतला दिवा घालवून बॅटरीचा झोत एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर नेला. उजेड पडला की बाहुली आक्रसते, तशी उजव्या डोळ्याची आक्रसली. झोत डाव्यावर आला तेव्हा मात्र तिथली बाहुली आक्रसायचं सोडून मोठी होत गेली. नस कामातून जात असल्याची ही खूण. थेंब टाकून डॉक्टरांनी आतली नस पाहिली, तर ती गुलाबीसर हवी तिथे पांढुरकी पडली होती. मग फ्रॉक वर करून पाहिलं. पोटावर, पाठीवर, मांड्यांवर तपकिरी डाग आणि काखेत बारीक बारीक ठिपके. आजी म्हणाली, 'ते तर जन्मापासनं आहेत. हिच्या आईनं ग्रहण पाळलं नव्हतं.'

ग्रहणाचा यात काडीमात्र संबंध नाही, आणि आईचा दोष तर मुळीच नाही. अशा डागांमागे असलेल्या जनुकीय अवस्थेला न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी 'एनएफ वन' ऐकाल. सतराव्या गुणसूत्रावरचं एक जनुक बिघडलेलं असतं. न्यूरोफायब्रोमिन नावाचं, पेशींच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन त्या जनुकापासून तयार होतं. लगाम सैल पडला की नसांवर, कातडीवर, हाडांवर परिणाम दिसतो. हे जनुक शास्त्रज्ञांना १९९० मध्ये सापडलं, पण आजाराचं वर्णन फार जुनं आहे. फोन रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी ते १८८२ मध्ये केलं. हा संसर्ग नाही. हे कोड नाही, कुष्ठरोगही नाही. त्या मुलाच्या ताटात जेवल्याने किंवा त्याच्याशेजारी झोपल्याने कुणाला काही होत नाही.

आणि 'आमच्या घराण्यात असं कुणालाच नाही' हे उत्तर देऊन गप्प बसू नका. एनएफ वन असलेल्या साधारण निम्म्या मुलांच्या आईवडिलांपैकी कुणालाही तो नसतो. गर्भधारणेच्या सुमारासच जनुकात नवा बदल झालेला असतो, आणि तो कुणी काही खाल्ल्या-प्यायल्याने, केल्या-न केल्याने होत नाही. उरलेल्या निम्म्यांमध्ये तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो, आणि अशा आईच्या किंवा वडिलांच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. एकाच घरात बापाच्या अंगावर नुसते डाग आणि मुलाच्या डोळ्याच्या नसेवर गाठ, असंही घडतं. जगभरात साधारण ३००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. या प्रमाणाने हिशेब केला तर एकट्या महाराष्ट्रात ३७ हजारांच्या आसपास माणसांना एनएफ वन असणार. यातल्या कितीजणांना आपल्या आजाराचं नाव ठाऊक असेल? मुलगी असेल तर लग्नात अडचण येईल म्हणून डाग झाकले जातात, पूर्ण बाह्यांचे कपडे घातले जातात, डॉक्टरांपुढेही झंपर काढू देत नाहीत. ही लपवाछपवी मला सगळ्यात जास्त टोचते. एनएफ वनमधल्या या गाठींमुळे मुलींची नजर मुलांपेक्षा जास्त वेळा बिघडते असं अभ्यासांत दिसलं आहे, आणि आपण झाकून ठेवतो ते मुलींनाच.

एनएफ वन असलेल्या मुलांपैकी शंभरात १५ ते २० जणांना डोळ्याच्या वाटेवरची ही गाठ होते. म्हणजे शंभरातल्या ऐंशी किंवा त्याहून अधिक मुलांना ती होतच नाही, हेही लक्षात ठेवा. ज्यांना होते त्यांच्यातही अनेकांना ती कधीच त्रास देत नाही. काहींची तर उपचारांशिवाय आपोआप आकसते. पण कोणाची गाठ गप्प बसेल आणि कोणाची नजर खाईल हे आधी सांगता येत नाही, आणि बहुतेक गाठी वयाच्या सातव्या वर्षाच्या आत प्रकट होतात, म्हणजे नेमक्या त्या वयात जेव्हा मूल आपलं दुखणं नीट सांगू शकत नाही. एवढ्यासाठी अशा प्रत्येक मुलाची डोळ्यांची पूर्ण तपासणी किमान आठव्या वर्षापर्यंत दरवर्षी झालीच पाहिजे. तान्ह्या बाळांना डॉक्टर सहा महिन्यांनीही बोलावतात. आठ वर्षांनंतर अंतर वाढवता येतं, पण अठरापर्यंत तपासणी बंद करायची नाही. दरवर्षी म्हणजे दरवर्षी. मागच्या वर्षी सगळं ठीक निघालं होतं म्हणून या वर्षीची तपासणी टाळायची नसते.

पूर्ण तपासणी म्हणजे काय हे आईवडिलांना माहीत असलं पाहिजे, कारण चष्म्याच्या दुकानात मशीनवर हनुवटी टेकवून नंबर काढला की डोळे तपासले अशी आपली समजूत असते. पूर्ण तपासणीत प्रत्येक डोळा वेगवेगळा झाकून नजर मोजतात, अंधाऱ्या खोलीत बाहुल्यांवर झोत टाकून बघतात, रंग ओळखता येतात का ते पाहतात, समोर बघत असताना बाजूचं किती दिसतं ते तपासतात, आणि थेंब टाकून आतली नस बघतात. अजून बोलताही न येणाऱ्या बाळाची नजरसुद्धा मोजता येते. एका बाजूला राखाडी आणि दुसऱ्या बाजूला बारीक पट्टे असलेली कार्डं असतात. पट्टे दिसले तर बाळ तिकडे डोळे वळवतं. 'अजून लहान आहे, काय कळणार' असं कुणी म्हणालं तर परत येऊ नका, लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता विचारा. एमआरआयचं म्हणाल, तर डाग दिसले म्हणून प्रत्येक मुलाला तो सरसकट लागत नाही. इतक्या लहान मुलांना त्यासाठी भूल द्यावी लागते. डोळ्यांच्या तपासणीत शंका आली किंवा तपासणी नीट होऊच शकली नाही, तर मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा तो टाळू नका.

आता डाग नसलेल्या मुलांबद्दल. यांच्यात बिघाड जन्मापासून सगळ्या शरीरात नसतो, फक्त गाठीच्या पेशींमध्ये असतो, आणि बहुतेक वेळा तो बीरॅफ नावाच्या वेगळ्याच जनुकात असतो. यांच्या गाठी बहुधा दोन नसा एकत्र येतात तिथे आणि त्याला लागून असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये होतात. भूक, वाढ, वयात येणं यांचा कारभार हायपोथॅलॅमसकडे असतो. या गाठी एनएफ वनमधल्यांपेक्षा जास्त वाढतात, जास्त वेळा उपचार मागतात, आणि कातडीवर कसलीच खूण नसल्याने नजर बरीच गेल्यावर उघडकीला येतात.

पण डोळ्यांत खूण असते. तान्ह्या किंवा रांगत्या बाळाची बुबुळं सतत बारीक हलत असतील, विशेषतः एकाच डोळ्याचं जास्त, बाळ मान डोलावत असेल, डोकं एका बाजूला कलतं करून बघत असेल, तर 'मोठं झालं की जाईल' म्हणू नका. काही बाळांमध्ये हा प्रकार खरोखर निरुपद्रवी असतो आणि जातोही, पण तो निरुपद्रवी आहे हे मेंदूचा एमआरआय पाहिल्यावरच म्हणता येतं. तिरळेपणाचंही तेच. आपल्याकडे तिरळं मूल भाग्याचं मानतात. दृष्ट काढायची तर खुशाल काढा, पण चार महिन्यांनंतरही डोळा तिरका जात असेल, किंवा आधी सरळ असलेला डोळा अचानक फिरला असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आलेला दिसला तरी. सकाळी उठल्या उठल्या उलट्या आणि डोकेदुखी असेल तर आठवडासुद्धा थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. गाठीमुळे मेंदूतलं पाणी तुंबल्याची ती लक्षणं असू शकतात.

अंगणवाडी सेविकांना माझी एक खास विनंती आहे. तुमच्या वजनाच्या यादीत तीव्र कुपोषित म्हणून लाल रेघेखाली असलेली बाळं तुम्हाला तोंडपाठ असतात. त्यांच्यात क्वचित एखादं वेगळं बाळ असतं. ते दूध पितं, भरवलेलं खातं, उंचीही बरी वाढते, हसरं-खेळकर असतं, आणि तरीही अंगावर मांस धरत नाही. मांड्यांची कातडी लोंबते, फासळ्या मोजता येतात. जुलाब नाहीत, क्षयाची तपासणी निर्दोष, ग्राम बालविकास केंद्रात ठेवून पोषण आहार दिला तरी वजन हलत नाही. अशा बाळाचे डोळे बघा. हायपोथॅलॅमसमधल्या गाठीने बाळं अशी वाळतात. डॉक्टरी पुस्तकांत याची नोंद १९५१ पासून आहे. अशी बाळं बहुधा दोन वर्षांच्या आतली असतात आणि अनेकांची बुबुळं हलत असतात. घरच्यांना वाटतं बाळाला काही लागत नाही, आपल्याला वाटतं आई नीट भरवत नाही, आणि महिने जातात. अशा बाळाला पुन्हा पोषणाच्या फेऱ्यात टाकण्याआधी जिल्हा रुग्णालयात पाठवा आणि चिठ्ठीवर 'खाऊनही वजन वाढत नाही, डोळे हलतात' असं स्पष्ट लिहा.

हायपोथॅलॅमसमधल्या गाठीने याच्या उलटही घडतं. पाच-सहा वर्षांची मुलगी एकदम उंच होते, छाती भरायला लागते, आणि घरात कौतुक होतं. मुलीत आठ वर्षांच्या आत आणि मुलात नऊ वर्षांच्या आत वयात आल्याची चिन्हं दिसली तर डॉक्टरांना दाखवायला हवं. अंगावर डाग असतील तर त्याच वेळी डोळेही.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या मावश्यांनो, बाळाचं सगळं अंग उजेडात रोज बघणारी तुमच्याइतकी दुसरी कुणी नसते. डॉक्टर बाळाला पाच मिनिटं बघतात, तेही दुपट्यात गुंडाळलेलं. तेल चोळताना, पालथं घालताना एकेक डाग तुमच्या नजरेखालून जातो. 'लास आहे' म्हणून सोडून देऊ नका, आईच्या कानावर घाला, पण तिला न घाबरवता. जन्माच्या वेळी डाग थोडे आणि फिकट असतात, पहिल्या वर्षभरात वाढतात, गडद होतात. म्हणून बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला पुन्हा मोजायला सांगा. काखेतले आणि जांघेतले ठिपके तर तीन ते पाच वर्षांच्या सुमाराला येतात. आशाताईंनीही लसीकरणाच्या दिवशी हे बघितलं आणि माता-बाल संरक्षण कार्डावर एक ओळ लिहून ठेवली, तर पुढच्या डॉक्टरांचं काम सोपं होईल.

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्यांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून सांगते: योग्य नंबर देऊनही मुलाची नजर पूर्ण येत नसेल, तर 'आळशी डोळा' म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगण्याआधी बाहुल्या तपासा आणि नस बघितली गेली आहे याची खात्री करा. पट्टी आळशी डोळ्याला जागं करते, वाळत चाललेल्या नसेला तिचा काही उपयोग नाही. महिनोन्‌महिने पट्टी लावून नजर वाढण्याऐवजी घटत असेल तर कारण शोधायलाच हवं. पालकांनी स्वतःहून विचारावं, 'डॉक्टर, नसेचा रंग कसा आहे?' असं विचारल्याचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

गाठ सापडलीच, तर पुढे काय? ऐकून धक्का बसेल, पण अनेकदा सुरुवातीला काहीच करायचं नसतं. नजर शाबूत असेल आणि गाठ वाढत नसेल, तर दर तीन-चार महिन्यांनी डोळे आणि ठरावीक काळाने एमआरआय, एवढंच. 'डॉक्टर काहीच करत नाहीत' असं वाटून पालक इथेच गळतात, कुणाच्या तरी सांगण्यावरून गाठ विरघळवणाऱ्या काढ्यांच्या मागे लागतात, आणि परत येतात तेव्हा नजर गेलेली असते. लक्ष ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे, तारीख चुकवू नका. एनएफ वन असेल आणि एमआरआयवरचं चित्र नेहमीचं असेल, तर गाठीचा तुकडा काढून तपासण्याची गरज बहुधा पडत नाही. नजर घसरायला लागली किंवा गाठ वाढली, की केमोथेरपी सुरू करतात. कार्बोप्लॅटिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही जोडी जगभर वापरतात, काही ठिकाणी दर आठवड्याला व्हिन्ब्लास्टिन देतात. हे साधारण वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतं, मध्ये सोडायचं नसतं. किरणोपचारांबद्दल मात्र सावध राहा. एनएफ वन असलेल्या मुलांमध्ये त्यांनी पुढे दुसऱ्या गाठी होण्याचा आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा धोका वाढतो, म्हणून ते शक्य तितके टाळतात. कुणी थेट तेच सुचवलं तर लहान मुलांच्या कर्करोगतज्ज्ञांचं दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

गेल्या काही वर्षांत गोळ्यांच्या आणि पातळ औषधांच्या रूपात नवी औषधं आली आहेत. बीरॅफमध्ये एक विशिष्ट बदल असलेल्या गाठींसाठी डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या जोडीला अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये, आणि आधीच्या उपचारांना न जुमानणाऱ्या बीरॅफच्या गाठींसाठी टोव्होराफेनिबला एप्रिल २०२४ मध्ये मान्यता मिळाली. म्हणून डाग नसलेल्या मुलाच्या गाठीचा तुकडा काढला गेला, तर त्याची बीरॅफ तपासणी झाली का हे विचारायलाच हवं. औषध कोणतं लागू पडेल ते त्यावर ठरतं.

केमो सुरू करायची की थांबायचं, हे मुख्यतः नजरेच्या आकड्यांवर ठरतं. मागच्या वेळेपेक्षा तक्त्याच्या दोन ओळी कमी वाचल्या, तर निर्णय बदलू शकतो. पण मागच्या वेळचा आकडा हातात हवा ना! माझ्यासमोर पालक बसतात तेव्हा फाइलमध्ये औषधांची बिलं जपून ठेवलेली असतात आणि नजरेची चिठ्ठी हरवलेली असते. तुमच्या हातात दुसरं काही नसलं तरी एवढं नक्की आहे: एक साधी वही करा. तारीख, उजवा डोळा, डावा डोळा, कोणत्या तक्त्यावर मोजलं, चष्म्यासह की चष्म्याशिवाय. उंची आणि वजनही त्याच पानावर. प्रत्येक चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एमआरआयचा नुसता अहवाल पुरत नाही, सीडीही मागून घ्या.

पैशांवाचून उपचार थांबवू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये मुलांच्या मेंदूतल्या गाठींवर उपचार होतात. गावाहून येणाऱ्यांनी राहण्या-जेवणाच्या सोयीसाठी तिथल्या समाजसेवा विभागात विचारावं. नजर गेलीच असेल, तर शाळेत पहिला बाक, मोठी अक्षरं, परीक्षेत जास्त वेळ आणि २०१६ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांगत्व प्रमाणपत्र हे त्या मुलाचे हक्क आहेत. मागायला लाजू नका.

सरकारकडेही एक मागणं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. गाडी आहे, डॉक्टर आहेत, मुलं समोर उभी आहेत. मुलाचा सदरा वर करून डाग मोजायला अर्धं मिनिट पुरतं. तपासणीच्या अर्जात या डागांसाठी एक रकाना घाला, सहा किंवा त्याहून जास्त डाग असलेल्या प्रत्येक मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवा आणि आठव्या वर्षापर्यंत दरवर्षी परत बोलावून घ्या. ग्रामपंचायत सदस्य, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, महिला बचत गट, तुम्ही ठराव करून ही मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा. नवीन इमारत नको, नवीन यंत्र नको, एवढं व्हायलाच हवं.

१७ मे हा जगभर न्यूरोफायब्रोमॅटोसिस जागृती दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे तेव्हा सुट्ट्या असतात, मुलं घरात असतात आणि जूनमध्ये शाळा सुरू होणार असते. गणवेश आणि दप्तर घ्यायला बाजारात जाल त्याच दिवसांत हे काम उरकून घ्या. मे लांब असेल तर मेची वाट बघू नका. रुग्णालयात केसपेपर काढताना 'डोळे तपासायचेत' एवढंच म्हणू नका. 'अंगावर सहा किंवा जास्त डाग आहेत, डोळ्याची नस बघायची आहे' किंवा 'बाळाची बुबुळं हलतात' असं नेमकं सांगा. बुबुळं हलतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण डॉक्टरांसमोर बाळ नेमकं रडत असतं. जुना चष्मा, जुन्या चिठ्ठ्या बरोबर ठेवा. थेंब टाकल्यावर एक-दोन दिवस उजेड टोचतो आणि जवळचं अंधुक दिसतं, म्हणून मुलासाठी टोपी घ्या. भावंडं असतील तर त्यांचे डागही आदल्या रात्री मोजा आणि त्यांनाही त्याच दिवशी घेऊन जा.